मॅनेजरीणबाई आणि मुंबईचे साहेब

देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरमालकिणीने निम्मं आयुष्य आपण मालकीण नाही असं सांगण्यात घालवलं. लोक नसलेली मालकी मिरवतात, बाई असलेली लपवायच्या. "मी आपली मॅनेजर," त्या म्हणायच्या, "मालक मुंबईला असतात. मोठे साहेब. फार कडक माणूस." त्यांचं खरं नाव शकुंतलाबाई. पण बाजारातल्या भाजीवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे त्यांना मॅनेजरीणबाईच म्हणत.

बाजारामागच्या गल्लीत त्यांची दुमजली इमारत होती. खाली चार बिऱ्हाडं, वर चार. मी तिथल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि लग्नानंतर आम्ही दोघं खोली शोधत तिथे पोचलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. त्याआधी दोन-तीन ठिकाणी सगळं पसंत पडलं होतं, चहाही झाला होता, पण आमचं आडनाव कळल्यावर खोली अचानक 'पुतण्याला लागणार' असायची. देवळालीत इतके पुतणे एकाच महिन्यात कुठून आले, असं माझे यजमान गमतीने म्हणायचे. पण हसायचे नाहीत. मॅनेजरीणबाईंनी आडनाव विचारलंच नाही. मीच धीर करून सांगितलं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे म्हणून.

"मोठ्या साहेबांना आडनावं लक्षात राहत नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून मी विचारत नाही. तुम्ही आत्ता राहता कुठे ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या भगूरच्या तात्पुरत्या खोलीवर हजर. हातात लिंबाच्या लोणच्याची वाटी. "इकडून चालले होते," म्हणाल्या. देवळालीहून भगूरला कोणी 'इकडून' जात नाही, मुद्दामच यावं लागतं. त्या पाच मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या, स्वतः उठून पेला मोरीत ठेवला, तेवढ्यात मोरी बघितली, ओटा बघितला, भिंतीला किती खिळे आहेत ते बघितलं. निघताना म्हणाल्या, "साहेबांचा होकार आला." आदल्या संध्याकाळपासून त्यांनी साहेबांना गाठलं कधी, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, इतका आनंद झाला होता. पुढे त्यांनीच मला हे शास्त्र सांगितलं. "भाडेकरू आपल्या दारात येतो तेव्हा नवरदेव असतो गं. त्याला त्याच्या घरी जाऊन बघावं. मुलीकडचे बघत नाहीत का? आणि लोणचं न्यावं. लोणचं घेऊन आलेल्या बाईला कोणी दारातून परत पाठवत नाही."

बाई ठेंगण्या, चालताना मात्र असं वाटायचं की कुणीतरी त्यांना मागून हाक मारतंय आणि त्यांना थांबायचं नाहीये. भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी नळाचा पाना. गळका नळ दिसला की भाजी तिथेच ठेवून कामाला लागायच्या. प्लंबर बोलवायचा तो यांना जमलं नाही तरच. "गळका नळ म्हणजे आपणच भाडेकरूच्या हातात दिलेली काठी," हे त्यांचं वाक्य. "आज त्याचा नळ नीट केला नाही, तर उद्या तो आपल्याला नीट करतो."

त्यांना भाडेकरू आवडायचे ते फौजी. तोफखान्यात शिकायला आलेले, बदलीवर आलेले सुभेदार, हवालदार, त्यांची बायकामुलं. बाकीचे घरमालक म्हणत, ही माणसं दोन वर्षांत जातात, पुन्हा नवा शोधा, पुन्हा रंग लावा. बाई म्हणायच्या, "म्हणूनच तर ठेवायची. जाणारा माणूस भिंतीवर प्रेम करत नाही. जो आल्या आल्या म्हणतो 'आता इथेच राहणार', त्याला दुरून नमस्कार." त्या काळात भाडेकरू एकदा चिकटला की जन्माचा चिकटतो, ही धास्ती सगळ्यांनाच होती. अकरा महिन्यांचा करार त्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायच्या, सत्यनारायणाच्या कथेसारखा, आणि शेवटी सगळ्यांना साखर द्यायच्या.

माळावर तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्या थरथरायच्या. कुणाच्या मुलाने चेंडू मारून काच फोडली की आई हमखास सांगायची, "बाई, तोफेने गेली." बाई खिडकीपाशी जाऊन शांतपणे बघायच्या. "आठ बिऱ्हाडांत तोफेने नेम धरला तो नेमका तुमच्या घरावर. मोठ्या साहेबांना सांगते, फौजेला पत्र लिहितील." संध्याकाळपर्यंत त्या घरात नवी काच बसलेली असायची, आणि चेंडू माळ्यावर गेलेला.

साहेबांचा खरा उपयोग असा होता. नकार साहेबांचा, माया बाईंची. कुत्रा पाळायचा? साहेब नाही म्हणतात. वर आणखी दोन भाऊ आणून ठेवायचे? साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल हो! पण दिवाळीत चकलीचा डबा, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, परीक्षेच्या दिवसांत पोरांना अभ्यासाला गच्चीची खोली, हे सगळं बाई 'साहेबांना न सांगता' द्यायच्या. वर्षाकाठी भाड्यात थोडी वाढ व्हायची, तीही चकलीच्या डब्यासोबत यायची. "साहेब ऐकत नाहीत," त्या म्हणायच्या, "चकली घ्या." आम्ही साहेबांना शिव्या देत चकल्या खायचो.

मला खरं कळलं ते त्यांच्या भावामुळे. घोटीहून रंगनाथमामा भाताच्या हंगामानंतर तांदळाचं पोतं घेऊन यायचे. उंच, मिशाळ माणूस, आवाज असा की शेजारच्या गल्लीत म्हशी उठून उभ्या राहाव्यात. बाई घरात नव्हत्या म्हणून मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "ताईनं लय सोसलं. दाजी गेले, ही इमारत तेवढी मागं ठेवून गेले. कोणी भाडं देईना, कोणी ऐकंना. आता बघा, कशी मालकिणीवानी राहती!"

"मालकीण?" मी म्हणाले.

मामांनी बशीतला चहा तसाच धरला. "मी काय बोललोच नाय," असं म्हणून ते पोत्याशेजारी तोंड फिरवून बसले.

बाई आल्या, आम्हा दोघांचे चेहरे बघितले आणि सगळं ओळखलं. मला आत नेऊन म्हणाल्या, "ऐकलंस ते पोटात ठेव. हे गेले तेव्हा खालच्या मजल्यावरचा एक जण मला म्हणाला, बाईमाणूस आहात, कशाला त्रास करून घेता, होईल तसं देऊ. सगळेच तसं म्हणायला लागले. मग एके दिवशी मी जाहीर केलं, घर विकलं, मुंबईच्या साहेबांनी घेतलं, मला मॅनेजर म्हणून ठेवलंय. पुढच्या महिन्यात एकूण एक जण सरळ! अगं, नसलेल्या पुरुषाला लोक जेवढे घाबरतात ना, तेवढे असलेल्या बाईला घाबरत नाहीत." आणि मग पदर तोंडाला लावून पोट धरून हसल्या.

या बाई फसल्या एकदाच. परांडेकर नावाचा माणूस आला. प्लॉटची दलाली करायचा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या बाईंच्या पाया पडला. म्हणाला, "माझी आई अगदी तुमच्यासारखीच दिसायची." बाई विरघळल्या. त्याच्या घरी गेल्या नाहीत, लोणचं नाही, काही नाही. "आई आठवली बिचाऱ्याला," म्हणाल्या. माझे यजमान म्हणाले, "बाई, दलालाला रोज एक नवी आई भेटते." बाईंनी त्यांना गप्प बसवलं.

करार संपल्यावर परांडेकर हलला नाही. उलट खोलीबाहेर ऑफिसची पाटी लावली. बाईंनी नेहमीचं अस्त्र काढलं: "साहेब फार रागावलेत हो." परांडेकर पानाने लाल झालेले दात दाखवत म्हणाला, "मग येऊ द्या की त्यांना. मॅनेजरशी मी का बोलू? तुमचा अधिकार काय?" आयुष्यात पहिल्यांदा साहेब त्यांच्यावरच उलटले होते.

एवढ्यावर तो थांबला नाही. बिऱ्हाडाबिऱ्हाडात जाऊन सांगू लागला की साहेब-बिहेब कोणी नाही, इमारत बेवारस आहे, या बाईला भाडं देऊ नका, सगळे मिळून मंडळ काढू, मी अध्यक्ष होतो. रविवारी गच्चीवर सभा ठेवली. बाईंचं जेवण गेलं. मी म्हटलं, "सांगून टाका ना, मालकीण मीच म्हणून." त्या म्हणाल्या, "सगळ्यांना इतकी वर्षं नाही नाही म्हणत आले, ते माझं 'नाही' होतं हे कळलं तर माझं तोंड बघतील का गं कुणी?" मला तेव्हा समजलं, त्यांना इमारत जाण्यापेक्षा माणसं जाण्याची जास्त भीती होती.

म्हणून त्यांनी साहेब आणायचं ठरवलं. रविवारी गच्चीवर सगळी बिऱ्हाडं सतरंज्या टाकून बसली होती, आणि जिन्यातून बाईंच्या मागोमाग वर आले मुंबईचे मोठे साहेब. राखाडी सफारी, काळा गॉगल, मिशीला तेल. चालताना नव्या बुटांचा त्रास होत होता. मी मान खाली घातली. रंगनाथमामांना ओळखायला मला गॉगलचा अडथळा नव्हता.

परांडेकरने उभं राहून हात जोडले. "नमस्कार साहेब. मुंबईत कुठे असता आपण?"

"दादरला," मामा म्हणाले. इथवर पाठ झालं होतं.

"पूर्वेला की पश्चिमेला?"

मामांनी जरा विचार केला. "मधोमध."

कुणीतरी खोकलं. परांडेकर पुढे सरकला. "आणि व्यवसाय?"

"तांदूळ."

"मुंबईत तांदूळ?"

"मग? मुंबईची माणसं काय भात खात नायत?" मामा आता रंगात आले. "इंद्रायणी हाय, जुना हाय. यंदा पाऊस बरा झाला, लोंब्या लय भारी भरल्या. घरी या, वास बघा वास!"

"साहेब," परांडेकर गोड आवाजात म्हणाला, "आपल्या या इमारतीत बिऱ्हाडं किती?"

मामांनी गॉगलमधून चहूकडे बघितलं, ओठ हलवून मोजायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. "ते मला नाय ठाव. ताईला इचारा."

बाई उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नीट होता. "बस कर रे रंगनाथा. गॉगल काढ आता." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "हा माझा भाऊ. मालक कुणी नाही. मालकीण मी आहे. कुत्रा नको म्हणाले ती मी, भाडं वाढवलं ती मी. ज्यांना माझं तोंड बघायचं नसेल त्यांनी बघू नका."

वरच्या मजल्यावरची हरियाणाची सुभेदारीण मटार सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दीदी, हमको तो पहले साल से पता है."

बाई तिच्याकडे वळल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"मुझे क्या, सबको पता है."

खालच्या मजल्यावरचे राणे कंपाउंडर उठले. "अहो बाई, दोन वर्षांमागे गच्ची गळायला लागली, तेव्हा तुम्ही जिन्यात बसून रडत होतात. दुसऱ्याच्या गच्चीसाठी कुठला मॅनेजर रडतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"फिर हम गाली किसको देते?" सुभेदारीण म्हणाली, आणि सगळी गच्ची हसली. राणे म्हणाले, "तेच. पाणी आलं नाही की मी साहेबांचा उद्धार तुमच्यासमोर करायचो, तुम्हीही मान डोलवायचात. तुमच्या तोंडावर तसं बोलता आलं असतं का?" साहेब जसे बाईंच्या उपयोगाचे होते, तसे आमच्याही होते. मालकीण कोण हे एकट्या परांडेकरलाच कळलं नव्हतं, कारण तो कधी कुणाच्या ओट्यावर बसला नव्हता. मंडळ त्या दिवशी निघालंच नाही. मामा मात्र बूट काढून सुभेदारिणीच्या मुलांना लोंब्या कशा मोजतात ते शिकवत बसले.

पण परांडेकर खोलीत होताच. वकिलाने सांगितलं, दावा करा, निकाल लागायला वर्षं जातील. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि लोणच्याची वाटी घेऊन नाशिकरोडला गेल्या, एका बिल्डरकडे. हा बिल्डर बाईंची इमारत गिळायला टपलेला होता. लोकांची डिपॉझिटं बुडवण्यात त्याचं नाव होतं. त्याच्या नव्या इमारतीत रस्त्यावरचे गाळे रिकामे पडले होते. बाई त्याला म्हणाल्या, "माझ्याकडे एक ऑफिसवाले आहेत. असा भाडेकरू शोधून सापडायचा नाही. एकदा आला की जात म्हणून नाही." बिल्डर खूश.

मग परांडेकरला म्हणाल्या, "तुमच्यासारख्या माणसाला ही गल्ली शोभत नाही. नाशिकरोडला मोठ्या रस्त्यावर काचेचं दार असलेला गाळा आहे."

"बिल्डर माणूस कसा आहे?" परांडेकरने विचारलं.

"फार जपणारा. त्याच्याकडे ठेवलेली वस्तू कधी परत येत नाही."

काचेच्या दाराने परांडेकरची झोप उडवली. बाईंनी आधी खोली सोडल्याचं लिहून घेतलं, किल्ली ताब्यात घेतली, मगच त्याच्या टेंपोला नारळ फोडला. टेंपो वळणावर दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी एक अक्षर तरी खोटं बोलले का, सांग." वर्षभरात ते दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात होते. दोघंही वेगवेगळे येऊन बाईंकडे रडून गेले. बाईंनी दोघांनाही चहा दिला.

पुढे आम्ही पाथर्डी फाट्याला स्वतःचं घर बांधलं, वरचा मजला भाड्याने दिला. मी घर दाखवते तेव्हा आडनाव विचारत नाही. ओटा मात्र बघून येते. लोणचं मला बाईंसारखं जमत नाही, म्हणून चिवडा नेते.

दोन हजार सालानंतर बाईंचे गुडघे थकले. इमारत रंगनाथमामांच्या मुलाकडे सोपवून त्या नाशिकला आल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन तिथेच होती, पण जावयाच्या घरी राहायचं नाही म्हणून मखमलाबाद रस्त्याला त्यांनी चक्क खोली भाड्याने घेतली. मालक सोमनाथ, पंचविशीचा, घरची गुलाबशेती; खाली तो आणि त्याची आई. मला वाटलं, इतकी वर्षं मालकी केलेली बाई, आदर्श भाडेकरू होईल. मी भेटायला गेले तर सोमनाथ फाटकातच भेटला. "ताई, त्या तुमच्या ओळखीच्या ना? सकाळी सात वाजता खाली येतात. काल पाण्याला दाब नाही. परवा जिन्यातला दिवा पिवळा का, पांढरा का नाही. आज म्हणतात, शेजारचा कोंबडा मालकाने गप्प करावा."

वर बाई पलंगावर आरामात बसल्या होत्या. "अगं, भाडेकरू असण्यात काय सुख आहे!" त्या म्हणाल्या. "खिळा निघाला, मालकाला सांगा. मुंगी आली, मालकाला सांगा. मी उगाच आयुष्यभर दुसऱ्या बाजूला उभी राहिले." आणि पुन्हा तसंच पदर तोंडाला लावून हसणं.

चार वर्षं त्यांनी सोमनाथला छळलं. मग तब्येत बिघडली, मुलगी घरी न्यायला आली, आणि या वेळी बाईंनी वाद घातला नाही. सोमनाथने त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. रिक्षात बसायच्या आधी त्या म्हणाल्या, "पुढचा भाडेकरू मी बघून ठेवलाय. घेशील ना?" तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तो."

ती एक नर्स होती, सोबत तिची आई. मला नंतर कळलं की नर्सची आई आख्ख्या गल्लीत कटकटीसाठी प्रसिद्ध होती. बाईंना भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, "बिचाऱ्या पोराशी असं का वागलात?" त्या अंथरुणात होत्या, आवाज बारीक झाला होता, पण डोळे मिचकावले. "मुद्दाम निवडली. कटकट्या भाडेकरू असलेलं घर कधी पडत नाही गं. गप्प बसणारा माणूस भिंत कोसळेपर्यंत बोलत नाही. त्या पोराला कळायला वेळ लागेल, पण कळेल."

श्रावणात बाई गेल्या. दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर देवळालीहून राणे आले होते, सुभेदारिणीचा फोन आला होता, रंगनाथमामा एका कोपऱ्यात रुमाल धरून बसले होते. सोमनाथ गुलाबांची टोपली घेऊन आला. निघताना मी त्याला विचारलं, "नव्या भाडेकरूंचा फार त्रास होतो का रे?"

"रोज सात वाजता नर्सबाईंच्या आई खाली येतात," तो म्हणाला. मग टोपली या हातातून त्या हातात घेत, घाटाकडे बघत म्हणाला, "मी पावणेसातलाच फाटकापाशी जाऊन उभा राहतो, ताई. कुणीतरी वरून ओरडत येणार म्हटल्यावर दिवस बरा सुरू होतो."